पिवळ्या फितीचा मुकुट

बाबांचा प्रश्न झोपडीतल्या धुरात अडकून राहिला. तांब्याच्या मोठ्या कढईतले फाटलेले दूध ढवळणारा आफ्राआत्याचा हात थांबला नाही आणि त्याची गतीही बदलली नाही. लाकडी पळी कडेला घासत एक वर्तुळ पुरे करी, मग दुसरे सुरू करी. चुलीत ओंडका तडकला. दाराबाहेर आमच्या पुढारी गायीची, गाम्सची, घंटा दोनदा किणकिणली आणि आत काय चालले आहे ते ऐकायला थांबावी तशी थांबली.

समोरच्या भिंतीला आडव्या दांडीवर मुकुट टांगलेले होते. त्यांच्यावर आत्याने पांढरी चादर घातली होती. चादर तोकडी होती. तिच्याखालून देवदाराच्या डहाळ्यांची टोके आणि आमच्या घराच्या लाल फितींचे कोपरे डोकावत होते. खोऱ्यात प्रत्येक गोठ्याची फीत वेगळी: आमची लाल, गिरणीवाल्यांची निळी, कोर्बिनियान हास्लची पिवळी. जनावर कुणाचे ते लांबूनच कळावे म्हणून.

"ताई, मी विचारलं, मुकुट कधी खाली न्यायचे?" बाबांनी पुन्हा विचारले.

"ऐकलं मी. माझे गुडघे गेलेत, क्विरिन. कान आहेत अजून."

"मग बोल की."

"काय बोलू? ब्लेस गेली. चादर मी त्याच दिवशी घातली."

आमच्या खोऱ्यात याहून जास्त बोलावे लागत नाही. उन्हाळाभर वरच्या कुरणांवर राहिलेला कळप एकही जीव न गमावता उतरला, तर गायींच्या माथ्यावर मुकुट चढतात, गळ्यात परातीएवढ्या घंटा येतात आणि खाली गावातल्या किल्ल्याच्या दरवाजात वाजंत्री उभी राहते. एक जरी जीव डोंगराने ठेवून घेतला, तर गायी उघड्या माथ्याने उतरतात. घंटांत गवत कोंबलेले असते. त्या वर्षी कळप येतो तेव्हा फक्त खूर ऐकू येतात.

ब्लेस गेल्या आठवड्यात गेली होती. कपाळावर पांढरा पट्टा असलेली, जरा उनाड अशी कालवड. धुक्यात कळप सोडून ओल्या खडकावरून घसरली. आत्या त्या गुडघ्यांनिशी घळीत उतरली आणि शेवटपर्यंत तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. हे आम्हाला आत्याने सांगितले नव्हते. तिचा घागरा चिखलाने आणि रक्ताने कडक झालेला होता आणि तो तिने दुसऱ्या दिवशीही बदलला नव्हता, एवढेच मेंढपाळांनी खाली येऊन सांगितले; बाकीचे खोऱ्याने ओळखले.

"ब्लेस आपली नव्हती," बाबा म्हणाले. ते वाक्य त्यांनी चढण चढताना मनात घासूनपुसून ठेवलेले असावे, इतके ते गुळगुळीत होते. "कोर्बिनियानची होती. आपल्या गोठ्यातलं एकही जनावर कमी झालेलं नाही. आपला कळप पुराच्या पुरा उतरतोय."

"वरती आपलं आणि परकं कधीपासून आलं?"

"अगं, नियम म्हणजे…"

"जूनमध्ये तू तिला दोरीला धरून माझ्याकडे आणलीस. तेव्हा काय म्हणालास? म्हणालास, ताई, हिलाही बघ. मी बघितलं. आता ती मेली, तर ती कोर्बिनियानची?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. "बुर्गी, तू सांग हिला. तुझे पाहुणे आहेत."

मी सांगितले. माझ्या सहलीचा शेवटचा दिवस उद्या होता; आठवडाभर मी माणसांना राजांच्या महालांतून, मठांच्या तळघरांतून आणि खानावळींतून फिरवले, ते सारे या एका सकाळीकडे नेणारे रस्ते होते. किल्ल्याच्या चौकात टेबले मांडली गेली होती. वाजंत्र्यांनी कपडे इस्त्री करून ठेवले होते. "आत्या, मी त्यांना शब्द दिलाय," मी म्हणाले.

"मग त्यांना आणखी एक किल्ला दाखव. तुझ्याकडे किल्ल्यांना काय तोटा?"

मला हसू आले. तिला आले नाही.

हा तिचा वरचा शेवटचा उन्हाळा होता. तसे बाबांनी वसंतातच ठरवून टाकले होते: पुढच्या जूनपासून म्युनिककडचे एक तरुण जोडपे कुरण सांभाळणार, शेतकी शाळेत शिकलेले, धडधाकट. आत्या तेव्हा वाद घालत बसली नाही. "शेवटचं उतरणं नीट होऊ दे, एवढंच," असे म्हणून तिने बोचके बांधले. मग जूनपासून रोज धार काढून झाल्यावर उंबऱ्यावर बसून तिने लाकडाच्या पातळ सालींची फुले वळली, डहाळ्या वाकवल्या, फिती बांधल्या, प्रत्येक जनावराच्या शिंगांचे माप हाताच्या वितीने घेऊन. मुकुट आम्हा कुणापेक्षाही तिला हवे होते. म्हणूनच तिचा नकार मला कळेना आणि म्हणूनच तो खोटा म्हणता येईना.

"कोर्बिनियान हो म्हणाला तर?" बाबा हट्टाने म्हणाले. "ज्याचं जनावर गेलं, त्याचीच हरकत नसेल तर?"

"त्याला विचार. मला कशाला सांगतोस?"

"म्हणजे मुकुट न्यायचे?"

"ने. मुकुट माझे नाहीत, गायींचे आहेत." आत्याने पळी कढईबाहेर काढली आणि कडेवर आपटून झटकली. "मी ते घालणार नाही. तुला घालायचे असतील तर तू घाल. आणि चादर काढू नकोस वाटेत. फुलं वाऱ्याला टिकत नाहीत."

आम्ही चादरीसकट सगळे मुकुट गुंडाळून तारेवरून खाली सरकणाऱ्या सामानाच्या पाळण्यात ठेवले. तार करकरली आणि ते पांढरे गाठोडे देवदारांच्या शेंड्यांवरून खाली तरंगत गेले. आत्या पाहायला बाहेर आली नाही.

*

मी माझ्या कामात चांगली आहे. महालात नेल्यावर मी लोकांना छताकडे बघायला लावत नाही. छत ते आपले आपण बघतात. नॉयश्वानस्टाइनला मी त्यांना आधी स्वयंपाकघरात थांबवते. लिंडरहोफला राजाच्या जेवणघरातल्या टेबलापाशी उभे करते. ते टेबल वाढून झाल्यावर खालच्या मजल्यावरून यंत्राने वर येई, म्हणजे वाढणाऱ्याचे तोंडही राजाला दिसू नये. एक माणूस माणसांपासून किती दूर बसून जेवू शकतो, हे त्या खोलीत उभे राहिले की समजते. मग मी त्यांना तिथून थेट एखाद्या बिअरच्या बागेत नेते, चेस्टनटच्या झाडांखाली, जिथे लांब बाकावर अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लागल्याशिवाय घास घेताच येत नाही. दोन्ही गोष्टी आमच्याच आहेत. पहिली पाहायला लोक तिकीट काढतात. दुसरीत आम्ही राहतो.

त्या आठवड्यातले पाहुणे उत्तरेकडचे होते आणि त्यांच्यात ब्रेमेनचे टाडेनसाहेब होते, बंदरात मोठी जहाजे आत आणण्याचे काम करून निवृत्त झालेले, उंच, बारीक आणि सतत प्रश्न विचारणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी बाराची घंटा होऊन गेल्यावर पांढरी सॉसेज मागितली होती; आमच्याकडे ती दुपारी बाराच्या आतच खातात. वाढणारी बाई ताट हातात घेऊन त्यांच्याकडे इतक्या करुणेने बघत राहिली, की त्यांनी मुकाट्याने पावाचे गोळे आणि भाजलेले डुक्कर मागवले. तेव्हापासून ते प्रत्येक घास घेण्याआधी मला विचारत.

आम्ही कुरणावरून उतरलो त्या संध्याकाळी बागेत, ऊन अजून पानांतून गळत असताना, त्यांनी लहान ग्लास मागितला.

"लहान ग्लास दवाखान्यात मिळतो," शेजारच्या बाकावरून बाबा म्हणाले. "इथं लिटरभर येतं."

"आम्ही उत्तरेचे लोक मोजून पितो," टाडेनसाहेब म्हणाले.

"हो ना, म्हणून तर तुम्ही प्रशियन लोक असे सुकलेले."

"मी ब्रेमेनचा आहे. ब्रेमेन प्रशियात नव्हतं कधी."

"डॅन्यूबच्या पलीकडे सगळे प्रशियनच, साहेब. आम्ही इतकं बारीक बघत बसत नाही."

बाक हसला. टाडेनसाहेबही हसले आणि त्यांनी लहान ग्लासच घेतला. बाबा आपला मोठा प्याला उचलून पलीकडच्या एका बाकाच्या टोकाला गेले, जिथे कोर्बिनियान हास्ल बसला होता.

कोर्बिनियान नेहमीसारखा घरून जेवण घेऊन आला होता. फडक्यात बांधलेली काळी भाकरी, चीजचा तुकडा आणि मुळा. बागेत फक्त बिअर विकत घ्यायची, खायचे आपले आणले तरी चालते, आणि त्याने ते कधी विकत घेतल्याचे मला आठवत नाही. मुळ्याची चक्राकार चीर काढून त्याने तिच्यावर मीठ भुरभुरले होते. मीठ लागले की मुळा रडतो. रडल्यावरच तो खायचा.

"रडला का तुझा मुळा?" बाबांनी बसत बसत विचारले.

"रडतोय. बस."

बाबा बसले. मी दोन बाक अलीकडे होते, पाहुण्यांना लोण्यात मळलेले चीज कसे खायचे ते दाखवत होते, पण माझे कान तिकडेच होते.

"कोर्बिनियान, उद्याचं विचारायचं होतं. ब्लेस तुझी होती. तुझी हरकत नसेल तर…"

"माझी कसली हरकत?"

"म्हणजे मुकुट घातले तर."

कोर्बिनियानने मिठाची डबी पुन्हा उघडली. मुळ्याखाली आधीच पाण्याचे तळे साचले होते, त्याच्यावर त्याने आणखी मीठ टाकले. "घाला की," तो म्हणाला. "जनावर गेलं ते गेलं. तुमचे पाहुणे आलेत एवढे. त्यांचा सण कशाला मोडायचा?"

"मनापासून बोलतोस ना?"

"क्विरिन, आफ्रा त्या घळीत उतरली. माझ्या गोठ्यात एवढं एकच वासरू होतं या वर्षी, आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझं काही येणं राहिलेलं नाही तुमच्याकडे. घाला मुकुट."

बाबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. ते परत आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "झालं. हो म्हणाला," ते मला म्हणाले. "उगाच बाऊ करते तुझी आत्या."

मी मान हलवली. मग पाहिले: कोर्बिनियान फडके झटकून, घडी घालून, टोपी चढवून फाटकाकडे निघाला होता. टेबलावर मीठ प्यालेला मुळा तसाच होता आणि त्याच्या प्याल्यात बिअर अर्धी उरली होती. आमच्या खोऱ्यात माणूस अर्धा प्याला सोडून उठत नाही. लग्नात भांडण झाले तरी आधी प्याला संपवतो, मग भांडतो.

मी बाबांना ते दाखवले नाही. मला उद्याची सकाळ हवी होती.

*

किल्ल्याच्या वरच्या अंगाला, तटबंदीपासून हाकेच्या अंतरावर, एक सपाट कुरण आहे. वरून उतरणारे कळप तिथे थांबतात. तिथेच मुकुट चढवायचे आणि मग वळसा घेऊन दरवाजातून चौकात शिरायचे. सकाळी मी पाहुण्यांना तिथे आणले. गवतावर दव होते. खाली किल्ल्याचा बुरूज उन्हात अर्धा सोनेरी आणि अर्धा ओला दिसत होता आणि चौकातून तळणीतल्या गोड वड्यांचा वास वर येत होता. कुणीतरी तुतारीवर एक स्वर लावून पाहिला.

"गायी वेळेवर येतात?" टाडेनसाहेबांनी विचारले.

"तुमच्या जहाजांपेक्षा बऱ्या."

"मग मला काय धरायला देणार?"

"मुकुट धरा. बाबांना एकेक द्यायचा. फुलांना हात लावायचा नाही."

बाबांनी चादरीचे गाठोडे हातगाडीवरून उतरवले होते. त्यांनी सणाचा हिरवा कोट घातला होता, चांदीच्या बटणांचा. कुंपणाशी गावातली पाचसात माणसे उभी होती. त्यांच्यात कोर्बिनियानही होता, जरा मागे, टोपी हातात घेऊन.

कळप आला तेव्हा पाहुण्यांना तो आलेला कळलाच नाही. झाडीतून आधी गाम्सचे कपाळ निघाले, मग शिंगे, मग एकामागून एक सगळ्या. मोठ्या घंटा गळ्यात होत्या, पण त्यांच्यात गवत ठासलेले होते. चिखलात खूर रुतल्याचा आणि उपसल्याचा आवाज होता, गायींच्या श्वासांचा होता, आणि दुसरा काही नव्हता. शेवटी आफ्राआत्या, काळ्या पोशाखात, काठी टेकत, टोपीवरचा फुलांचा तुरा काढून ठेवलेला. ती कुणाकडे न बघता कुरणाच्या कडेला उभी राहिली.

"घंटांचं काय झालं?" एका बाईंनी मला कुजबुजत विचारले.

"आत्ता काढतील गवत," मी म्हणाले. माझा आवाज मला पटेल इतका स्थिर होता.

बाबांनी चादर सोडली. गवतावर रंगांचा ढीग सांडला: लाल, पांढरा, जांभळा, देवदारांचा गर्द हिरवा. पाहुण्यांच्या तोंडून एक लांब श्वास निघाला. आत्याने इतके सुंदर मुकुट कधीच केले नव्हते. सालींच्या फुलांना तिने पाकळीच्या कडेला नखाने चुरगळून असे काही वळण दिले होते, की ती खुडलेली वाटावीत. बाबांनी सगळ्यांत मोठा उचलला आणि गाम्सच्या शिंगांवर ठेवला. नवरीच्या कपाळावर बाशिंग बसावे तसा तो बसला. गाम्स हलली नाही. तिला दरवर्षीचा सराव होता. ती माथा उंच करून, सण आहे हे ओळखून उभी राहिली. बाबांनी खालची गाठ मारली.

"पुढचा," ते हात मागे करून म्हणाले.

टाडेनसाहेबांनी वाकून एक उचलला, पण दिला नाही. हातात फिरवून पाहू लागले. तो इतरांपेक्षा लहान होता, कोवळ्या शिंगांच्या मापाचा. त्याची फीत पिवळी होती.

"हा वेगळा आहे," ते म्हणाले. "बाकी सगळ्यांना लाल फीत आणि याला पिवळी. हा कुणाचा?"

त्यांनी ते प्रश्न विचारायची सवय म्हणून विचारले होते, जसे त्यांनी आठवडाभर मला सगळ्या महालांत विचारले होते. पण कुंपणाशी उभी असलेली माणसे एकदम स्तब्ध झाली. खोऱ्यातल्या प्रत्येकाने पिवळी फीत पाहिली आणि ती कुणाची ते प्रत्येकाला ठाऊक होते. मी आत्याकडे पाहिले. ती गायींकडे पाहत होती. तिने हा मुकुट ब्लेस जिवंत असताना वळला असणार, इतरांच्याबरोबर, इतरांसारखाच. ती गेल्यावर तिने तो सोडवला नाही आणि वेगळाही काढला नाही. आमच्या लाल फितींच्या मधोमध टांगून त्यावर चादर घातली.

बाबांचा हात अजून मागे होता. ते वळले. टाडेनसाहेबांच्या हातातली ती छोटी गोष्ट त्यांनी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेले, भिंतीवरून ऊन सरकते तसे.

"क्विरिनसाहेब?" टाडेनसाहेब म्हणाले. "मी चुकीचा उचलला का?"

"नाही," बाबा म्हणाले. "तो आमच्याच एका कालवडीचा."

"कुठे आहे ती? घालू या ना तिला."

किल्ल्यातून तुतारीवाल्याने पुन्हा एक स्वर लावला आणि तो मधेच तुटला. 'आमच्याच' हा बाबांनी स्वतः उच्चारलेला शब्द त्यांच्यासमोर गवतावर पडल्यासारखा होता, आणि तो उचलून परत खिशात घालता येत नव्हता. ब्लेस जगली असती तर आज याच कळपातून, याच दरवाजातून, हाच मुकुट घालून गेली असती, आणि ती कुणाची हे बाबांनी कुणाला सांगितलेही नसते.

ते गाम्सकडे वळले. त्यांनी गाठ सोडायला घेतली. घट्ट बसली होती. त्यांची बोटे दोनदा घसरली. गाम्सला हे उलटे काम कळेना, ती मान झटकू लागली, तेव्हा आत्या काठी टेकत पुढे आली आणि तिने गायीचे नाक हाताने धरले, नुसते धरले. बाबांनी मुकुट उतरवला.

मग बाबा टाडेनसाहेबांकडून तो लहान मुकुट घेऊन कुंपणापाशी गेले. कोर्बिनियान एक पाऊल मागे सरकला.

"काल तू बिअर सोडून गेलास," बाबा म्हणाले. म्हणजे त्यांनीही ते पाहिले होते.

"पोट बरं नव्हतं."

"धर हे. आणि चल. तूही चल कळपाबरोबर."

कोर्बिनियानने मुकुट घेतला. त्याचे काय करावे ते न कळून त्याने तो टोपीसारखा छातीशी धरला.

आता माझी पाळी होती. पाहुणे माझ्याकडे बघत होते. ज्यासाठी ते इतक्या लांब आले ते त्यांच्या डोळ्यांसमोर उतरवले गेले होते. मी क्षमा मागितली नाही. आठवडाभर मी त्यांना जे दाखवले, त्यातल्या कशाचीही मला याहून जास्त खात्री नव्हती.

"या उन्हाळ्यात आमची एक कालवड गेली," मी म्हणाले. "म्हणून आज मुकुट नाहीत आणि वाजंत्री नाही. तुम्ही आमच्याबरोबर मागून चाला. बोलू नका, फोटो काढू नका. टोपी असेल तर काढा."

टाडेनसाहेबांनी सगळ्यांआधी काढली.

दरवाजाच्या कमानीखाली गाम्स शिरली तेव्हा चौकातल्या लोकांनी टाळ्यांसाठी हात उचललेले होते. ते हात तसेच खाली आले. ढोलवाल्याने काठ्या हळूच बाकावर ठेवल्या. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, जणू कुणी अदृश्य दोरी ओढत असावे तशी माणसे उभी राहत गेली आणि टोप्या उतरत गेल्या. फरसबंदीवर खुरांचा आवाज तटांना आपटून परत येत होता आणि त्या आवाजाने चौक काठोकाठ भरला. तुतारी, ढोल, घंटा, सगळे मिळूनही तो कधी इतका भरलेला मी ऐकला नव्हता. ज्या राजाने जेवताना वाढप्याचे तोंडही दिसू नये म्हणून यंत्र बसवले, त्याच्या महालांत मी शांतता दाखवत फिरले होते. ही शांतता निराळी होती. हिला माणसे लागतात.

मधे कोर्बिनियान चालत होता, पिवळ्या फितीचा मुकुट छातीशी धरून. म्हाताऱ्या पाद्र्याने त्याला मान लववली. आत्या शेवटी होती आणि तिच्या मागे उत्तरेचे पाहुणे, दोनदोनच्या रांगेत, शाळेच्या सहलीतल्या मुलांसारखे शहाणे.

गायी पलीकडच्या फाटकातून गोठ्याकडे वळल्या. मग स्वयंपाकघरातून एक बाई वड्यांची परात घेऊन आली आणि म्हणाली, "गार झाले तर मी पुन्हा तळणार नाही, सांगून ठेवते." तेव्हा माणसे बसली. भाजलेल्या डुकराची खरपूस साल कुरकुरू लागली, पावाच्या गोळ्यांवर रस्सा आला, आणि हळूहळू, आधी कुजबुजत, मग मोकळेपणाने, बोलणे सुरू झाले. टाडेनसाहेबांनी वाढणाऱ्या बाईला थांबवले.

"मला मोठा आणा. लिटरभर."

"दवाखान्यातला नको?" शेजारच्या बाकावरून कुणीतरी विचारले.

"नको. मी बरा झालो."

कोर्बिनियानला त्यांनी आपल्या शेजारी बसवून घेतले होते. मुकुट दोघांच्या मधे टेबलावर होता. कोर्बिनियानने भाकरीचे फडके सोडले, मुळ्यातला अर्धा कापून साहेबांपुढे सरकवला आणि मीठ कसे टाकायचे ते दाखवू लागला.

मी बाबांना शोधत गोठ्याकडे गेले. ते दाराशी आत्याबरोबर उभे होते. हिरवा कोट त्यांनी काढून कुंपणावर टाकला होता. आत्या घंटांतले गवत बोटांनी उपसून काढत होती.

"ते म्युनिकचं जोडपं," बाबा म्हणाले. "त्यांना मी अजून पक्कं कळवलेलं नाही."

आत्याने एक घंटा रिकामी करून दुसरी घेतली.

"शिकलेले आहेत, धडधाकट आहेत. पण मी म्हटलं, घाई कशाला?" बाबांनी घसा साफ केला. "गुडघ्यांचं बघू काहीतरी. सामानाचा पाळणा आहेच. त्यात तुला बसवून पाठवू वर. चीज खाली येतं, तू वर जाशील."

आत्याच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हलले. गोठ्यातून गाम्स हंबरली, लांब, नाराजीने. तिची धार काढायची वेळ उलटून चालली होती.

"ताई, मी विचारतोय. येत्या जूनला वर कोण जाणार?"

आत्याने शेवटचे गवत झटकले, घंटा एकदा हलवून वाजते का ते पाहिले आणि खुंटीला अडकवली. मग खालची चरवी उचलली, कडी मनगटावर घेतली, आणि एका हाताने काठी टेकत, बाबांकडे न बघता, गोठ्यातल्या अंधाराकडे चालू लागली. "त्या पाळण्याच्या तारेला जूनआधी तेल घाल," ती आतून म्हणाली.